सामाईक भिंत

"पाणी पिऊन येते," म्हणत बायको शेजारच्या घरात सटकली आणि केळुसकर नाशिकमधल्या त्या रो हाऊसच्या हॉलमध्ये मागे राहिले. समोर हेच घर घ्यायला आलेली आणखी पाच गिऱ्हाइकं. आधीची तीन घरं अशीच हातची गेली होती.

एवढ्यात सामाईक भिंतीपलीकडून बेसूर नाट्यगीत सुरू झालं. केळुसकरांनी आवाज ओळखला. लग्नापासून तोच तर बंद पाडत आले होते.

"हे रोज चालतं?" एकाने घाबरून विचारलं.

"रोज," केळुसकर गंभीरपणे म्हणाले. "पहाटे तर जास्तच."

हॉल रिकामा झाला. मालक बुचकळ्यात पडले, पण त्यांनी केळुसकरांकडून टोकनचे पैसे घेतले.

"आयुष्यभर मला गप्प बसवलंत!" बाहेर बायको फुरंगटली.

"चुकलं. या घरात मनसोक्त गा."

ती गायली. दिवाळीच्या आत शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं.