थंड, कडू

“‘थंड. कडू.’ पुढच्या पानावर? ‘थंड. कडू.’” दंतवैद्यानं आचाऱ्याची वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. “अकरा रविवार, तेहेतीस बिअर आणि शब्द दोन! काका, हे तर फ्रीजमधल्या कारल्यालाही लागू पडतं.”

मंडळ हसलं. मंडळ म्हणजे दवाखान्याच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी जमणारी सात माणसं. वर्षापूर्वी यातल्या एकालाही बिअर गार आहे की नाही, यापलीकडे काही कळत नव्हतं. आता तीच माणसं पेला तिरका धरायची, फेस किती सेकंदांत बसतो ते मोजायची आणि ‘ओल्या गवताची छटा’ असं म्हणताना डोळे मिटायची. पूर्ण नाही. एका फटीतून दंतवैद्याकडे लक्ष असायचं. त्यानं मान डोलावली की सगळ्यांना गवत लागायचं.

आचाऱ्याला कधीच काही लागलं नाही. तो एका वसतिगृहात दोनशे मुलांचा स्वयंपाक करायचा. गेले आठ महिने रजेवर होता. विहिरीत पडलेली वस्तू शोधावी तसा तो पेल्यात नाक घालून बसायचा, एक घोट घ्यायचा आणि तेच दोन शब्द लिहायचा. पाठीमागे त्याचं नाव ‘थंडकडू’ पडलं होतं.

मंडळात सेंट लावून यायला बंदी होती. गेल्या महिन्यात दंतवैद्याची मेहुणी एका लग्नाहून परस्पर आली, ती सेंटात न्हाऊनच. सगळ्यांनी खुर्च्या लांब सरकवल्या. आचारी मात्र दुपारभर तिच्या शेजारी निवांत बसला होता.

“म्हातारा रंगेल दिसतोय,” कुणीतरी कुजबुजलं होतं.

दंतवैद्यानं वही टेबलावर टाकली. “त्या मुलांची कीव येते मला. चव कळत नाही, वास कळत नाही. येता कशाला इथे?”

“प्रत्येक पेल्यात काय काय आहे ते तुम्ही आधी सांगता,” आचारी म्हणाला. “मग मी ते शोधत बसतो. दुसरीकडे कुणी असं सांगत नाही, डॉक्टर.”

“मी आज सांगणार नाही. तुम्ही सांगा. एक वास, फक्त एक. नाही जमलं, तर पुढच्या रविवारी तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस.”

आचाऱ्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. मेहुणीनं बाटली उघडून काळी बिअर ओतली. त्यानं पेला उचलला, नाकाशी नेला. हुंगलं. थांबला. पुन्हा हुंगलं. मग पेला खाली ठेवून तो चटकन उठला, टेबलाखाली वाकला, दार उघडून जिन्यात डोकावला.

“काहीतरी करपतंय,” तो म्हणाला.

खोलीत हशा पिकला. एकाला ठसकाच लागला.

“अहो, पेल्यातच आहे ते!” दंतवैद्य म्हणाला. “आणि करपलेलं नाही म्हणायचं. भाजलेली बार्ली. कॉफीची छटा. करपायला हे काय तुमचं स्वयंपाकघर आहे?”

आचाऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो परत आला, दोन्ही हातांत पेला धरून त्यानं दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक. “करपलंय,” तो हसत म्हणाला. “चांगलं तळापासून करपलंय.” आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.



“काका, बरं वाटत नाहीये का?” मेहुणीनं विचारलं.

“तापात नाक गेलं होतं, ताई. दोनशे मुलांचा भात जळून कोळसा झाला. रस्त्यापलीकडचा शिंपी धावत सांगायला आला,” पेला न सोडता आचारी म्हणाला. “आणि मी पातेल्याशेजारीच उभा होतो.”