सोनमची ड्युटी

बायडाबाईच्या दारातल्या कट्ट्यावर बिड्या वळणाऱ्या बायका गप्प बसल्या होत्या. निपाणीच्या त्या गल्लीत यापेक्षा विचित्र दृश्य कुणी पाहिलं नसेल. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, आणि तोंडाला कुलूप! गप्पा मारल्याशिवाय ज्यांची बोटं चालत नाहीत, त्या बायका गेले काही महिने एकमेकींशी खुणांनी बोलत होत्या. कुणाचं पोर रडायला लागलं की त्याला उचलून गल्लीच्या टोकाला नेलं जाई. आपली लेक सोनम घरातनंच कंपनीची ड्युटी करते, असं बायडाबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ड्युटी कसली न् काय! अमेरिकेतलं काम आटलं तशी पुण्याच्या कंपनीनं एका सकाळी निम्मी माणसं घरी पाठवली. त्यात सोनमही होती. पण गल्लीतली पहिली इंजिनियर पोरगी घरी बसली, हे बायडाबाईच्या तोंडातून निघेना. पोरीजवळ स्वतःचा लॅपटॉप होता, तेवढ्यावर भागलं. सोनमला मात्र या नाटकाचा वीट आला होता. रोज सकाळी चांगला ड्रेस घालून लॅपटॉपपुढं बसायचं, अर्जावर अर्ज धाडायचे आणि पाणी प्यायला उठलं की कट्ट्यावरून मालुबाई विचारणार, "लई काम हाय व्हय गं आज?" त्यावर हसून मान डोलवायची.

आज खरंच काम होतं. बेळगावच्या एका कंपनीचा शेवटचा इंटरव्ह्यू होता. आधीच्या फेऱ्यांत तिचं कौतुक झालं होतं. ही नोकरी मिळाली तर आईचं खोटं आपोआप खरं होणार होतं. शिवाय घरात आता दुसरा आधार नव्हता. बिड्यांचा खपही उतरला होता आणि कंत्राटदार आठवड्यातनं तीनच दिवस पाला देत होता.

पडद्यावरचा साहेब हसतमुख होता. त्यानं चहाचा घोट घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, की तुमच्यात काहीच कमी नाही, पण वरून निरोप आलाय. यंदा भरती बंद. पुढं काही निघालं तर कळवू. एवढं बोलून तो गेलासुद्धा.

सोनमच्या मनात आलं, शेवटी तोंडाला पानंच पुसायची होती, तर मग फेऱ्यांवर फेऱ्या घेतल्या कशाला?

स्वयंपाकघरातून बायडाबाई हात पुसत आली.

"लौकर झालं गं?"

"गेलं, आई. भरतीच बंद केली त्यांनी."

बायडाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मग बोलत ऱ्हा की."

"कुणासंगं?"

"कुणासंगं बी. बायका कान दिऊन बसल्यात. एवढ्यात गप झालीस तर इचारतील."

"आता मला न्हाय जमायचं, आई. सांगून टाक त्यास्नी."

"सांगू गं बाळ. उद्या सांगू. आज नको."

सोनमच्या डोक्यात तिडीक गेली. आईचा राग आला, त्या हसऱ्या साहेबाचा आला, आणि आईचं ऐकून खुर्ची पुढं ओढणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. ती काळ्या पडद्याकडं बघत म्हणाली, "येस सर. ओके सर." आणि मग तिला थांबता येईना; पुण्याचा जुना साहेबच जणू समोर बसला होता. काय चुकलं माझं, सांगा की. रात्र रात्र जागून तुमची कामं उरकली. बाप गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही तुम्ही रजा दिली नाहीत, आणि मी ऐकून घेतलं. मग काढायची वेळ आली तेव्हा मीच कशी सापडले? शिका म्हणालात, शिकले. लांब या म्हणालात, आले. आता कुठं जाऊ? सगळं खणखणीत इंग्रजीत. आवाज चढत गेला. शेवटी तिनं टेबलावर मूठ आपटली. डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत आलं तरी तिनं पुसलं नाही.

बाहेर पाला कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. मालुबाईला काही राहवेना.

"आगं बायडा, तुझी लेक सायबावरच वरडाय लागलीया की!"

बायडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आतला एक शब्द तिला कळला नव्हता, पण लेकीचा आवाज कळत होता.

"वरडंल न्हाय तर काय," ती म्हणाली. "मोठ्या हुद्द्यावर हाय ती."