काचेची पट्टी

चौथ्या मजल्याच्या जिन्यात भिंतीला तडा गेला होता. इंजिनिअरनं त्यावर काचेची पट्टी आडवी बसवली. म्हणाला, "ही फुटली तर समजा, तडा वाढून राहिला. मग इमारत खाली करा."

आठ दिवसांत पट्टी दोनदा फुटली. कोण फोडतं, हे समोरच्या खोलीतले गफ्फार टेलर सगळ्यांना सांगत होते. अकोल्यातली ही पहिली सिमेंटची उंच इमारत. तिची लिफ्ट बघायला एकेकाळी खेड्यांतून माणसं यायची. आता मालक पियुषला ती पाडून मॉल बांधायचा होता.

तिसरी पट्टी बसली, तसे गफ्फारचाचा शिलाई मशीन घेऊन जिन्यातच बसले. "आता फोडून दाखवा, भाऊ."

पियुषही चिडून समोर खुर्ची टाकून बसला. "माह्या आजानं बांधली हे. मी कावून फोडू?"

"आजानं बांधली, म्हणून तं तुमाले फुकट भेटली. हात मांडीवर ठेवा. मले दिसले पाहिजे."

पियुषनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. वरच्या मजल्यावर ट्यूशनची पोरं पाढे म्हणत होती.

टिच.

चाचांनी आधी पियुषचे हात पाहिले. ते मांडीवरच होते. मग पट्टी पाहिली.

त्यांनी पियुषचा हात घट्ट धरला.

"उठा भाऊ. आधी वरच्या पोरायले खाली उतरवू."