नानांची वाळू

सर्वपित्रीचं पान सज्जात ठेवलं होतं. इतक्या उंचीवर कावळा कधीच येत नसे, तरी द्वारकाबाई दरवर्षी ठेवत. त्या आत वळल्या आणि घर खाली जाऊ लागलं.

"आई, फुगा गळतोय का?" सून मृणाल ओरडली.

वायूचा काटा जागेवरच होता. वजनच वाढलं होतं. बुडालेल्या गावावरचा समुद्र जवळ येत होता.

आभाळात तरंगणाऱ्या या वस्तीत माणूस गेलं की त्याच्या वजनाइतकी वाळू त्याच्या जागी ठेवत. नाहीतर हलकं झालेलं घर वर निसटून जाई. द्वारकाबाईंच्या यजमानांची, नानांची गोणी नऊ वर्षं झोपाळ्यावर होती. तिच्याशेजारी बसूनच त्या चहा घेत.

"पाटा-वरवंटा टाकू का खाली?"

"त्याने काय होतंय! चांगलं भरलेलं माणूस आत आल्यासारखं घर दबलंय..." द्वारकाबाई बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, "गोणीला हात लाव."

दोघींनी गोणी कठड्याशी ओढत नेऊन तिचं तोंड सोडलं. वाळू सरसर गेली. घर हळूहळू वर आलं आणि नेहमीच्या उंचीवर थांबलं.

समोरच्या घरातूनही वाळू पडत होती. पलीकडच्याही. आभाळभर वाळूच्या धारा लागल्या होत्या.

मृणालने कठड्यावरून खाली पाहिलं. "आई, उद्या ते परत गेले तर एवढी वाळू आणायची कुठून? खाली किनारा तरी उरलाय का?"

रिकाम्या झोपाळ्याच्या कड्या अजून ताणलेल्याच होत्या. द्वारकाबाई आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

"आता जाऊ देते होय त्यांना!"