सर्वांत ज्येष्ठ

सुभेदार यशवंतांच्या पांढऱ्या मिशीवर चहाचा थेंब मण्यासारखा बसला होता. यानात वजनच नसल्याने तो ओघळत नव्हता. सेनापती वेणू त्याच्याकडे बघत हुकूम लांबवत होती.

जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दूरच्या ताऱ्यापर्यंत जाऊन आल्याने ती बाविशीतच राहिली आणि तिचा हा धाकटा भाऊ साठीला पोचला. सैन्यात सेवा मात्र पृथ्वीच्या वर्षांनी मोजत, म्हणून सर्वांत ज्येष्ठ तीच!

शत्रूने वेढलेल्या त्यांच्या तळावर हवा संपत आली होती. शनीच्या कड्यांतून, भिरभिरणाऱ्या दगड-बर्फातून घुसलं तरच वेळेत पोचता येणार होतं.

"ताई, मला झाडावर चढवायचीस तेव्हा कुठे घाबरायचीस?"

"हात मोडलास ना, यशा!"

"पण कैऱ्या मिळाल्या की!"

मागचे म्हातारे जवान खुसखुसले. वेणूलाही हसू फुटलं. तिने माईक ओढला.

"सगळी यानं माझ्या मागे. कड्यांतून घुसायचं!"