त्रेचाळीसचा घोळ

"बाबा, दाबू?" फायनं विचारलं. तिचं बोट माऊसवर होतं.

थविन मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर अकरा हजार सहाशे चार फोटो निवडून ठेवलेले होते. प्रत्येकाच्या तारखेतून त्रेचाळीस वर्षं वजा करायची, एवढंच काम. चोवीस वर्षांपूर्वी झालेला घोळ एका टिचकीत निस्तरणार होता.

घोळ मास्तरांचाच. पहिला डिजिटल कॅमेरा घरी आला तेव्हा थायलंडातल्या लाम्पांगमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरात २५४३ साल चालू होतं. बुद्धाचं साल, इसवी सनाच्या पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढं. बोलताना सगळे नुसतं 'त्रेचाळीस साल' म्हणत. कॅमेऱ्यानं साल विचारलं. त्यातले २० हे आकडे आधीच होते, पुढचे दोन हवे होते. मास्तरांनी बिनदिक्कत ४३ टाकले. जगात दोन हजार साल, मास्तरांच्या कॅमेऱ्यात दोन हजार त्रेचाळीस. दरवर्षी एकेक पुढं सरकत हे आठ वर्षं चाललं, नवा कॅमेरा येईपर्यंत. आणि हा माणूस शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा! यंत्राला थापा मारू नका रे, असं पोरांना बजावून सांगायचा.

तेव्हापासून कॉम्प्युटर उघडला की आधी ते जुने फोटो दिसत, कारण त्याच्या हिशेबी तेच सगळ्यांत नवे. कालचे ढग आणि आजची मांजर त्यांच्या खाली. मास्तरांना ते दातात अडकलेल्या धाग्यासारखं सलायचं, पण आजवर हात लावला नव्हता.

"दाब," मास्तर म्हणाले. "सगळं जागच्या जागी असलेलं बरं. पुढं तुम्हांला शोधायला सोपं जाईल."

खिडकीबाहेर मास्तरांची बायको चानफोंग सुपात भाताच्या वड्या वाळत घालत होती. तिचा हात थांबला. गेल्या महिन्यात डॉक्टरनं मास्तरांचं हृदय तपासून पाच-सहा वर्षं म्हटलं होतं, तीही जपून राहिलात तर. घरी आल्यावर मास्तरांनी आधी विम्याचे कागद नीट लावले, मग कपाट आवरलं, मग मोटारसायकल भाच्याच्या नावावर केली. आज फोटोंची पाळी होती.

ती तशीच आत आली. बोटांना भाताची शितं चिकटलेली.

"फाय, हात काढ त्याच्यावरून."

"आई, तारखा चुकीच्या आहेत."

"कोण म्हणतं?"

"अगं, हा बघ." फायनं एक फोटो मोठा केला. मास्तर फणसाच्या फांदीवर गुडघे अडकवून उलटे लटकलेले, सदरा तोंडावर आलेला. "हा २०५१ सालचा म्हणे."

"मी काढलाय तो," चानफोंग म्हणाली. "फांदी मोडली असती तर तेव्हाच मी सुटले असते. २०५१ साली मास्तर किती वर्षांचे?"

फायनं मनातल्या मनात मोजलं. "पंच्याण्णव."

"ऐकलंत? पंच्याण्णवाव्या वर्षी फणसावर. डॉक्टर काय सांगतो आणि मशीन काय सांगतं!"

"मशीन खोटं सांगतंय," मास्तर म्हणाले. "मीच त्याला खोटं सांगितलंय."

"सांगू दे की! आयुष्यभर खरं बोललात, काय मिळालं? पेन्शन आणि गुडघेदुखी." तिचा आवाज एकदम बसला. "सगळं आवरून ठेवू नका हो मास्तर. जरा पसारा राहू दे."

फायनं माऊस सोडला. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग उठले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात खुडबुड करू लागले. महिन्याभरात पहिल्यांदाच ते काही आत ठेवत नव्हते, बाहेर काढत होते.

तो जुना कॅमेरा होता, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला. मास्तरांनी त्यात चार नवे पेन्सिल सेल घातले. कॅमेरा कुरकुरला आणि जागा झाला. इतकी वर्षं सेल नव्हते, त्यामुळे तो तारीख विसरला होता. आधी साल विचारू लागला. २०, आणि पुढं दोन रिकाम्या जागा लुकलुकत होत्या.

"चानफोंग, बाहेर चल. उजेड चांगला आहे."

ती सुपाजवळ जाऊन बसली. डिसेंबरचं कोवळं ऊन वड्यांवर पसरलं होतं. मास्तरांचा अंगठा बटणावर अडला. २४ टाकलं की बरोबर, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, तिथं २५६७ होतं. मग दोन आकडे दाबले.

"किती टाकलंत?" चानफोंगनं विचारलं.

"सदुसष्ट."

"म्हणजे दोन हजार सदुसष्ट." ती बोटांवर मोजू लागली, शितं चिकटलेल्या बोटांवर. "मी एकशे सहा वर्षांची."

"हो."

"आणि फोटो काढताय तुम्ही."

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याशी नेला. "मी नाही तर कोण काढणार?"

"मग थांबा," पदरासारखा गळ्यातला पंचा झटकत ती उठली, "पावडर लावून येते."