लक्षणीय बदल नाही

"सगळं आहे तसंच आहे, बदल काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट फाइलीत सरकवला. "गोळ्या चालू ठेवा. आता एकदम वर्षाने भेटा."

बाई उठल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा टाकून. अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलेली, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. वर्षापूर्वी झटका आला तेव्हा मेंदूतली एक रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं निघालं. ती आणखी आवळत तर नाही ना, हे बघायला दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचं ठरलं होतं. आजचं तिसरं.

"या पंधरवड्यात तीनदा यांच्या हातातून कप गळून पडला, डॉक्टर. दहा-दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटत नाही. मग आपोआप ठीक."

"अशक्तपणा असतो, बाई. वयही झालंय."

"आणि स्कॅनमध्ये काहीच नाही?"

"स्वच्छ लिहिलंय की. मागच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही."

"बघू?" बाईंनी हात पुढे केला.

बाई छापखान्यात प्रुफं तपासत. तीस वर्षं तेच काम. लग्नाच्या पत्रिकेतली चूक दाखवल्याशिवाय त्या अक्षता टाकत नाहीत, असं नातेवाईक चेष्टेने म्हणत. त्यांनी पिशवीतून सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट काढला, नवा त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवून ओळ न् ओळ खाली सरकू लागल्या. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पुढचा नंबर खोकत होता.

बोटं थांबली.

"इथे 'अरुंद' शब्दातला अनुस्वार 'अ'वर पडलाय."

"टायपिंगची चूक. चालायचंच."

"चालू दे. पण सहा महिन्यांपूर्वीही तो 'अ'वरच पडलाय. त्याच ओळीत. पुढचा पूर्णविराम राहिलाय, तोही दोन्हीकडे. खाली 'डाव्या' दोनदा आलंय, तेही दोन्हीकडे." त्यांचा आवाज चढला. "एक चूक माणूस पुन्हा करेल, डॉक्टर. तीन चुका जशाच्या तशा त्याच जागी नाही करत. हा रिपोर्ट कुणी लिहिलेला नाही. जुना उचलून चिकटवलाय. तारीख तेवढी बदलली."

मास्तरांनी डावा पाय जमिनीवर दाबला. "ब्रेक," ते म्हणाले. "ब्रेक." हवा तो शब्द सापडला नाही की हाच एक त्यांच्या मदतीला येई.

"आज नाही दाबत," बाई म्हणाल्या.

"हे बघा, स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञांची सही आहे त्याच्यावर," डॉक्टर म्हणाले.

"मग त्यांनाच विचारून येते."

तळघरात, स्कॅनच्या विभागात, तज्ज्ञ नव्हते. मशीन चालवणारा तंत्रज्ञ डबा खात बसला होता. बाईंनी दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले, तशी त्याने डब्याचं झाकण लावलं.

"मावशी, जुने स्कॅन जुन्या मशीनवरचे. चार महिन्यांपूर्वी मशीन बदललं. ते आता इथे उघडत नाहीत."

"मग रिपोर्ट देणाऱ्यांनी ते कुठे बघितले?"

तंत्रज्ञाने हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. "रोजचे ऐंशी असतात, मावशी."

"बघितलेच नाहीत, तर बदल नाही हे कशावरून लिहिलं?"

त्याने उठून दार लोटलं, मशीनची दोन बटणं दाबली आणि आजची फिल्म छापून कोमट कोमट त्यांच्या हातात दिली. "जुन्या फिल्म तुमच्याकडे असतील ना? घरी देतोच आम्ही. वर दिव्यावर शेजारी शेजारी लावायला सांगा." आणि हळूच, "माझं नाव घेऊ नका."

जुन्या फिल्म पिशवीतच होत्या. प्रत्येक खेपेला बाई ते पाकीट बरोबर आणत आणि प्रत्येक खेपेला ते तसंच घरी जाई.

"अहो, नंबर आहे इथे!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. बाई थेट आत गेल्या. मास्तर होते तिथेच होते. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर बाईंनी स्वतःच दोन फिल्म अडकवल्या, डावीकडे जुनी, उजवीकडे आजची, आणि बटण दाबलं.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवायची सवय आहे. तुम्हाला कळतं. तुम्ही बघा."

डॉक्टर नाइलाजाने उठले. जुन्या फिल्मवर एक पांढरी रेघ वळण घेत वर गेली होती आणि मध्येच एका जागी बारीक झाली होती. आजच्या फिल्मवर त्या जागी रेघच नव्हती. बोटभर पुढे ती पुन्हा दिसत होती, फिकी, असून नसल्यासारखी. ते कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मवरच्या तारखा वाचल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"एक खाट हवी. आत्ता. नाही, उद्या चालणार नाही."

फोन ठेवून ते मास्तरांच्या खुर्चीशी वाकले. "काका, आज इथेच राहायचं. रक्तवाहिनी बरीच आवळली आहे. औषधं बदलू. गरज पडली तर आतून रुंद करून घेऊ. घाबरायचं नाही."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. डावा हात पुढे करून त्यांनी बाईंच्या पदराचं टोक धरलं.

डॉक्टर सरळ उभे राहिले. "बरं झालं," ते बाईंना म्हणाले, "वेळेवर लक्षात आलं."

"कोणाच्या?" बाईंनी विचारलं.